सुकाणू सैल चालत नाही, मग पिकअपचे स्टेअरिंग कसे चालते?



पोस्ट लांब आहे. पण येत्या रविवारच्या सभेत ज्या विषयावर हात वर करायचे आहेत तोच विषय यात आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा.

१ जूनपासून बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलर जेटीला आणि होड्या वर. आता कोणाच्याही दारात जा, काम एकच. कोणी जाळी सांधतोय, कोणी तळाला चिकटलेले शिंपले खरवडतोय, कोणी शाफ्ट बाहेर काढून बुश किती झिजला ते बघतोय. सुकाणूची पाती थोडी जरी खडखडली तरी आपला तांडेल होडी पाण्यात घालू देत नाही. "अजून एक हंगाम काढू" असे सुकाणूच्या बाबतीत कोणी बोलत नाही. कारण बाहेर वारा फिरला की काय होते ते आपल्याला माहीत आहे.

आता सोसायटीच्या बर्फाच्या शेडमागे उभ्या असलेल्या पिकअपकडे बघा. चौदा वर्षांची गाडी. इंजिन अजून ठणठणीत आहे, पहिल्या चावीला सुरू होते. पण स्टेअरिंग चार बोटे फिरवले की तेव्हा कुठे चाक हलायला लागते. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. खड्ड्यातून गेली की पुढची चाके थरथरतात आणि ती थरथर ड्रायव्हरच्या कोपरापर्यंत येते. डावा टायर एका कडेने खाल्लेला आहे. त्यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर काय? "चलता मरे, कित्याक खर्च?"

हे "चलता मरे" होडीला लावत नाही, ते गाडीला का लावतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर तीन मते आली आहेत. पहिले मत, जे सैल आहे तेवढेच बदला, बाकी पुढच्या वर्षी बघू. दुसरे मत, जुनी गाडी विका आणि कर्ज काढून नवी घ्या. तिसरे मत, बंदीच्या काळात पुढचा सगळा भाग, म्हणजे सस्पेन्शन आणि स्टेअरिंग, दोन्ही बाजूंनी एकदाच उघडून नीट बांधून घ्या.

आम्ही तिसऱ्या मताचे आहोत. मात्र त्याला एक अट आहे, ती पुढे सांगतो. का ते सविस्तर मांडतो. पटले नाही तर सभेत बोला, पण गाडीखाली एकदा वाकून बघून मग बोला.

एक जोड नाही, साखळी आहे

ड्रायव्हर हाताने चक्र फिरवतो आणि रस्त्यावर टायर वळतो, या दोहोंमध्ये किती जोड आहेत ते मोजा. चक्राची दांडी स्टेअरिंग बॉक्समध्ये जाते. बॉक्समधून ड्रॉप आर्म खाली येतो. त्याला ड्रॅग लिंक लागते, तिच्या दोन टोकांना दोन जोड. ती एका चाकाला वळवते. तिथून टाय रॉड दुसऱ्या चाकाकडे जातो, त्याच्याही दोन टोकांना दोन जोड. मग प्रत्येक चाक ज्यावर वळते ती किंग पिन, तिचे वरचे-खालचे बुश, आणि शेवटी चाकाचे बेअरिंग. आपल्या गाडीला पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत, त्यामुळे पाट्यांच्या पिना, बुश आणि शॅकलही याच साखळीत धरायचे. पाटाच मागेपुढे सरकत असेल तर अ‍ॅक्सल सरकतो, आणि अ‍ॅक्सल सरकला की स्टेअरिंग कितीही घट्ट असून उपयोग नाही.

काही सभासदांच्या गाड्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल नाही, वर-खाली दोन आर्म आहेत. त्यात किंग पिनच्या जागी बॉल जॉइंट असतात आणि पाट्याच्या जागी कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार. छोटा हत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांची गाडी मात्र आपल्यासारखीच, पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे. प्रकार कुठलाही असो, गणित तेच.

प्रत्येक जोडात केसाएवढा प्ले असला तरी सगळ्यांची बेरीज ड्रायव्हरच्या हातात चार बोटे होऊन येते. म्हणून "कुठला पार्ट गेलाय?" हा प्रश्नच अर्धवट आहे. चौदा वर्षांच्या गाडीत एक पार्ट जात नाही, सगळे मिळून झिजतात. काही जास्त, काही कमी, एवढाच फरक.

आपल्या गाड्या लवकर का झिजतात

भाजी वाहणारी पिकअप आणि मासळी वाहणारी पिकअप, दोन्ही एकाच दिवशी शोरूममधून काढा. दहा वर्षांनी दोन्हींच्या खाली बघा. फरक मिठाचा.

बर्फ वितळतो, त्यात मासळीचे खारे पाणी मिसळते आणि ते ट्रेमधून ठिबकते. घाट उतरताना तेच पाणी पुढे धावते आणि केबिनच्या मागून चासीवर पडते. जेटीवर तर खाऱ्या पाण्याची डबकीच असतात. पुढचे चाक त्यातून गेले की उडालेले पाणी थेट टाय रॉड, पाटे आणि ब्रेकवर. रापणीची मासळी उचलायला वाळूच्या कडेपर्यंत गाडी नेली की रेती आलीच. जोडांवर जो रबरी बूट असतो तो एकदा फाटला की आतले ग्रीस धुऊन जाते आणि रेती आत बसते. मग तो जोड घासकागदासारखा स्वतःलाच खातो.

दुसरे कारण ओझे. बांगड्याचा मोसम असला की क्रेटवर क्रेट चढतात आणि शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे लोंबते. त्यामुळे गाडीचे नाक वर होते, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टेअरिंग हलके लागते. ड्रायव्हरला वाटते गाडी मस्त चालली आहे. प्रत्यक्षात पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी झालेली असते. त्यात स्टेअरिंगला प्ले असेल तर उतारावर गाडी नेमकी कुठे जाईल ते ड्रायव्हर सांगू शकत नाही. ओझ्याचा हा विषय वेगळ्या पोस्टचा आहे, पण पुढचा भाग नवा करून वरून तेवढेच ओझे चढवायचे असेल तर खर्च न केलेला बरा, हे इथेच स्पष्ट सांगतो.

स्वतः बघा, आमच्यावर विश्वास ठेवू नका

ज्यांच्या घरी स्वतःची पिकअप आहे त्यांनी हे आजच करून बघावे. दोन माणसे पुरतात.

पहिली तपासणी. गाडी सपाट जमिनीवर, चाके सरळ, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहायचे. दुसऱ्याने खाली बघून एकेक जोडावर बोट ठेवायचे. जोडाची एक बाजू हलली आणि दुसरी थोडी थांबून मग हलली, तर प्ले तिथे आहे. डोळ्यांना दिसला नाही तरी बोटाला कळतो. स्टेअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने बसवला आहे तिथेही बघा. काही वेळा बॉक्स चांगला असतो, पण बोल्ट सैल झाल्यामुळे अख्खा बॉक्सच हलत असतो.

दुसरी तपासणी. मागच्या चाकांना ओंडका लावून पुढचे एक चाक उचला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, घोडी लावा. चाक वर आणि खाली धरा, घड्याळाचे १२ आणि ६, आणि आत-बाहेर ढकला. खडखड आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा ढकला. खडखड थांबली तर बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट गेला आहे. मग ३ आणि ९ वर धरून तसेच करा, तिथे टाय रॉडचा प्ले कळतो. ज्या गाड्यांना आर्म आहेत त्यांनी जॅक ज्या आर्मवर स्प्रिंगचा भार येतो त्या आर्मखाली लावावा. चासीखाली लावला तर स्प्रिंगचा दाब जोडावरच राहतो आणि गेलेला बॉल जॉइंटही घट्ट वाटतो.

तिसरी तपासणी टायरची. टायर खोटे बोलत नाही. एकाच कडेने झिजला तर अलाइनमेंट किंवा किंग पिन बघा. हात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखा लागला तर टो चुकला आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप गेले किंवा चाक कुठेतरी सैल आहे.

सोसायटीच्या गाडीला आम्ही हे तिन्ही करून पाहिले. दोन्ही किंग पिना सैल आहेत, डावी जास्त. टाय रॉडच्या दोन्ही टोकांचे रबर फाटलेले आहे. पुढच्या डाव्या पाट्यातले एक पान तुटले आहे. शॅकलचे बुश नावालाच उरलेत. उजव्या शॉकअपमधून तेल गळते. ज्याला बघायचे असेल त्याने शेडवर यावे, गाडी घोडीवरच आहे.

तेवढेच बदला, हे का परवडत नाही

पहिल्या मताची मंडळी आमचीच माणसे आहेत. सोसायटीचा पैसा वाचावा हाच त्यांचा हेतू, त्याबद्दल शंका नाही. पण हिशेब मांडून बघू.

किंग पिन बदलायची तर चाक, ड्रम, ब्रेक प्लेट आणि टाय रॉडचा जोड सोडवावा लागतो. टाय रॉड एंड बदलायचा तर तोच जोड पुन्हा सोडवायचा. पाटा काढायचा तर पुन्हा गाडी वर. प्रत्येक वेळी मजुरी वेगळी, प्रत्येक वेळी अलाइनमेंटचे पैसे वेगळे. आणि मोसमात गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की भाड्याची गाडी वेगळी. पार्टची किंमत दोन्हीकडे तेवढीच, पण उघडझाकीचे पैसे तीन-चार वेळा.

दुसरे, सैल जोडाचे धक्के शेजारच्या नव्या जोडाला खावे लागतात. आणि जुन्या जोडांवर केलेली अलाइनमेंट टिकतच नाही. मशीनवर काटे जुळतात, गाडी पहिल्या खड्ड्यात गेली की चाक पुन्हा आपल्या मनाने उभे राहते. मग नवा टायर पण तसाच खाल्ला जातो.

तिसरे, खोटे समाधान. गेल्या हंगामात एका गॅरेजवाल्याने प्ले काढून देतो म्हणून स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू पिळून दिला. दोन दिवस ड्रायव्हर खूश. मग वळण घेतल्यावर चक्र आपोआप सरळ येईना, हाताने ओढून आणावे लागे. म्हणजे रोग टाय रॉडमध्ये आणि औषध बॉक्सला. बॉक्सचा स्क्रू हे शेवटचे काम आहे. आधी बाकीचे सगळे जोड घट्ट, मग चाके सरळ ठेवून गरज असेल तरच तो स्क्रू, तोही बेताने. जास्त पिळला तर आतले दाते खराब होतात.

काम नीट झाले हे कसे ओळखायचे

पैसा सभासदांचा आहे, म्हणून मेस्त्रीला काय सांगायचे ते आपल्याला माहीत असले पाहिजे. आम्ही केलेली यादी अशी:

१. सगळ्यात आधी चासी. खालून गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, पाट्यांचे हँगर आणि स्टेअरिंग बॉक्सची जागा हातोडीने ठोकून बघायची. टणटण आवाज आला तर पुढे जायचे.

२. जे बदलायचे ते दोन्ही बाजूंना. किंग पिन, टाय रॉड एंड, शॉकअप, शॅकलचे बुश, सगळे जोडीने. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी एकीकडे ओढणारच.

३. पाटे उतरवून पाने सुटी करायची, गंज काढायचा, तुटलेले पान बदलायचे. यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच. जुना ताणलेला यू बोल्ट परत लावून वाचलेले पैसे वाचलेले नसतात.

४. किंग पिनचे नवे बुश बसवल्यावर ते रीमर मारून पिनच्या मापाला आणायचे. पिन हाताच्या जोराने, न अडकता, पण न खडखडता गेली पाहिजे. बुशचे भोक ग्रीस निपलच्या भोकाशी जुळले आहे ना, ते डोळ्यांनी बघायचे. जुळले नाही तर वर्षभर निपलमधून ग्रीस मारा, पिनेपर्यंत काही पोहोचणार नाही. खालचे थ्रस्ट बेअरिंगही नवे.

५. टाय रॉडच्या खाचांच्या नटाला पिनेचे भोक जुळत नसेल तर नट थोडा अजून आवळून पुढचे भोक जुळवायचे. सैल करून कधीच नाही. स्प्लिट पिन नवी. ही पिन अगदी स्वस्त आहे, पण ती नसली आणि नट सुटला तर एक चाक एकीकडे आणि दुसरे दुसरीकडे.

६. ज्या गाड्यांना आर्म आणि रबरी बुश आहेत त्यांचे बोल्ट शेवटचे आवळणे गाडी जमिनीवर, आपल्या वजनावर उभी असताना. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आणि दाबलेल्या कॉइल स्प्रिंगशी घरी खेळू नका. ती सुटली तर माणूस मारते.

७. चाक उघडलेच आहे तर बेअरिंग, सील आणि ब्रेकचे रबरी पाइप बघून घ्यायचे.

८. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, टायरची हवा सारखी करून. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत टो तेवढा फिरवता येतो. मशीनवर कॅम्बर चुकीचा दाखवला तर अ‍ॅक्सल वाकला आहे किंवा पिन-बुश नीट बसले नाहीत. तिथे "एवढे चालते" हे ऐकून घ्यायचे नाही.

९. भरलेल्या गाडीच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे. पाटे बसले की ते थोडे सैल होतातच.

१०. काढलेले सगळे जुने पार्ट पोत्यात घालून परत आणायचे. सभेत टेबलावर मांडू. कोणी काय बदलले आणि काय नुसते बिलात लिहिले ते सगळ्यांना दिसेल.

विकून टाका म्हणणाऱ्यांना

दुसरे मतही चुकीचे नाही. नवी गाडी असावी असे कोणाला वाटत नाही? पण कर्जाचा हप्ता बंदी बघत नाही. जून-जुलै दोन महिने सोसायटीला मासळीचे एक पैशाचे उत्पन्न नाही, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला. ऑगस्टमध्ये दर्या खवळलेला राहिला तर तिसरा महिनाही तसाच. जुन्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स चांगले आहेत, कागदपत्रे चालू आहेत. अशी गाडी फक्त पुढचा भाग झिजला म्हणून पडेल भावाने द्यायची, हे आम्हाला पटत नाही. आणि एक साधी गोष्ट लक्षात घ्या. नवी गाडी आणली आणि सवयी जुन्याच ठेवल्या, तर काही वर्षांनी तिच्याही खाली हेच दिसेल. मीठ नवी-जुनी बघत नाही.

आता ती अट. हातोडीने ठोकल्यावर चासीचा आवाज भद भद आला, पाट्याच्या हँगरपाशी किंवा स्टेअरिंग बॉक्सच्या जागी पत्रा गंजून पापुद्रे सुटत असतील, तर पुढचा भाग बांधण्यावर एक रुपयाही घालायचा नाही. कुजलेल्या फळीवर नवा पत्रा ठोकून होडी समुद्रात घालतो का आपण? तशीच ही गोष्ट. मग गाडी मोडीत काढायची आणि नव्याचा विचार करायचा. तेव्हा आम्ही स्वतः दुसऱ्या मताला हात वर करू. म्हणूनच यादीत चासी पहिली ठेवली आहे. आम्ही वरवर ठोकून बघितले तेव्हा आवाज चांगला आला, पण धुऊन झाल्यावर मेस्त्री आणि दोन सभासद मिळून पुन्हा बघतील आणि मगच पार्ट विकत घेतले जातील.

तसेही, आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी घ्यावे लागते. म्हणजे वर्षातून एकदा ही गाडी तपासणीला उभी राहणारच. त्या दिवसापुरती डागडुजी करून कागद मिळवायचा, की वर्षभर गाडीच नीट ठेवायची, हे आपण ठरवायचे. कागद पोलिसाला दाखवता येतो. घाटाला नाही.

पैसा आणि नंतरची देखभाल

आमची सूचना अशी. हा खर्च एकदा सोसायटीच्या शिलकीतून करावा. त्यानंतर प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम "गाडी निधी" म्हणून वेगळी काढावी. रक्कम किती ते सभेने ठरवावे, आम्ही ठरवणार नाही. डिझेलचे पैसे जसे कोणी उधार ठेवत नाही तसे हेही. तीन गॅरेजची लेखी अंदाजपत्रके कार्यालयातल्या फलकावर लावली आहेत. त्यात पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवली आहे. सगळ्यात स्वस्त तेच घ्यावे असा आमचा आग्रह नाही. जो किंग पिनचे रीमिंग स्वतः करतो किंवा कुठे करून घेतो ते दाखवतो, आणि जुने पार्ट परत द्यायला तयार आहे, त्याला काम द्यावे असा आग्रह आहे.

देखभालीसाठी चार नियम पुरे. जेटीवरून परत आले की रोज गोड्या पाण्याने खालून धुणे, पण प्रेशरचा फवारा रबरी बुटांवर जवळून मारायचा नाही. ठरलेल्या दिवशी ग्रीस मारणे, तेही चाक उचलून, म्हणजे भार नसताना ग्रीस पिनेभोवती सगळीकडे जाते. नवे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारायचे. होडीच्या शाफ्टला ग्रीस देतो ते पाणी आत येऊ नये म्हणूनही ना? इथेही तेच. तिसरा नियम, गंज लागू नये म्हणून खालून जळके ऑइल फवारायची पद्धत बंद. ते ऑइल रबरी बुश फुगवून खराब करते आणि पहिल्या पावसात ओहोळातून आपल्याच खाडीत जाते. चौथा, ड्रायव्हरने वहीत लिहिलेली तक्रार आठ दिवसांत बघितली गेली पाहिजे. न बघितल्यास त्याने गाडी उभी ठेवावी, त्याबद्दल त्याला कोणी बोलणार नाही. हा ठरावही सभेत मांडणार आहोत.

शेवटी माणसांचे

या गाडीत काय जाते? मासळी आणि बर्फ एवढेच नाही. पहाटे म्हापशाच्या बाजारात जाताना केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी आपल्याच कोणाची तरी आई, नाहीतर मावशी, टोपली सांभाळत बसलेली असते. मासळी जास्त असली की हीच गाडी रात्री चोर्ला घाट चढून बेळगावला जाते आणि रिकामी उतरते. पावसाळा संपता संपता त्या वळणांवर धुके असते, रस्ता ओला असतो, समोरून ट्रक येतो. त्या वेळी ड्रायव्हरच्या हातात चार बोटे सैल स्टेअरिंग असते आणि त्याच्या घरी माणसे वाट बघत असतात. तो आपल्यातलाच मुलगा आहे. होडीवर गेलेला माणूस परत यावा म्हणून आपण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो. रस्त्यावर गेलेला परत यावा म्हणून एवढे करायला काय हरकत आहे?

बंदीचे दिवस मोजके आहेत. किंग पिनचे सेट आणि पाट्याची पाने मागवायला वेळ लागतो, आणि जुलै उजाडला की सगळ्यांच्याच गाड्या गॅरेजमध्ये गर्दी करतात. म्हणून या रविवारीच निर्णय व्हावा. सकाळी साडेदहाला सोसायटीच्या सभागृहात या. बोटमालकांनी यावेच, पण बाजारात बसणाऱ्या भगिनींनीही यावे, कारण गाडीत रोज त्या बसतात. येण्याआधी पाच मिनिटे शेडवर थांबा आणि डावे चाक १२ आणि ६ वर धरून एकदा हलवून बघा. मग कोणत्या मताला हात वर करायचा ते तुमचे तुम्ही ठरवा.

ज्यांच्या घरी जुनी पिकअप आहे त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा.

आपला,
सचिव
(संचालक मंडळाच्या वतीने)